लांबड्याची पारख

गजानन वानखडे सापाला कधी साप म्हणाले नाहीत. अमरावतीजवळच्या त्यांच्या गावात दिवे लागल्यावर हे नाव घेत नसत. वानखडेकाकांनी ती सवय दिवसाउजेडीही लावून घेतली होती, आणि न्यू जर्सीला येताना ती त्यांच्यासोबत आली. ते ‘लांबडं’ म्हणत, तेही आवाज उतरवून, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसं.

२००४ च्या सप्टेंबरात ते पिस्कॅटवेला मुलीकडे आले. मुलगी सुषमा तिथे प्रोग्रॅमर होती. व्हिसा सहा महिन्यांचा, परतीचं तिकीट फेब्रुवारीअखेरचं. ठेंगणी, सडसडीत मूर्ती. अंगात जावयाचं जुनं जाकीट, त्याच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. खिशात इस्त्रीचा पांढरा रुमाल आणि प्लास्टिकच्या डबीत बिनवासाच्या साबणाची वडी. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ते एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. स्वतःची ओळख मात्र ते ‘शिपाई’ अशीच करून देत. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी एकतीस वर्षं स्वतःच्या अक्षरात लिहिल्या होत्या. इंग्रजी वाक्य त्यांना जमत नसे, पण त्यामुळे प्राण्यांची लॅटिन नावं ते अचूक उच्चारत.

त्या वर्षांत आमच्या भागातल्या मराठी घरांमध्ये मुलांना साप पाळायचा असे. अमेरिकेत जन्मलेल्या या मुलांना कुत्रा मिळत नव्हता, कारण दिवसभर घरी कुणी नसे. साप आठवड्यातून एकदा जेवतो आणि आवाज करत नाही, एवढं आईवडिलांना पटे. पण चांगला कसा ओळखायचा ते कुणाला ठाऊक नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीत सुषमाने सहज सांगितलं की बाबांना यातलं कळतं. तेव्हापासून शनिवारी-रविवारी काकांना बोलावणी येऊ लागली. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. मी मंडळाचं वार्तापत्र काढत असे आणि सुटीला मोकळा असे, म्हणून नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. ते मला ‘संपादक’ म्हणत.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते वॉल्ट नावाच्या निवृत्त बसचालकाकडे. त्याच्या तळघरात कॉर्न स्नेक या बिनविषारी सापांची पैदास होती. सोबत एक मुंबईकर जोडपं होतं. बाहेर थंडी होती, तळघरात दिव्यांची ऊब. जिना उतरताच सगळ्यांच्या चष्म्यांवर वाफ धरली आणि काही क्षण त्या खोलीत फक्त नारिंगी उजेड दिसत राहिला. वाफ विरली तेव्हा काका कोपऱ्यातल्या बेसिनपाशी हात धूत होते.

मग ते एका स्टुलावर बसले आणि पंधरा मिनिटं कशालाही हात लावला नाही. आधी त्यांनी पाण्याच्या वाट्या पाहिल्या. पाण्यात मिरीच्या चुऱ्यासारखे काळे ठिपके बुडालेले दिसले, तर त्या जनावराच्या अंगावर किडे आहेत असं समजायचं. मग काचेआडच्या एकेका डोक्याकडे पाहत राहिले. मुंबईकर नवरा घड्याळ बघू लागला, तेव्हा ते म्हणाले, “काऊन घाई करता? आपण त्याला बघतो, तसं तेही आपल्याला बघते. त्याचं होऊ द्या.”

हातात घेताना ते खालून, मधोमध उचलत. एका हातावरून दुसऱ्या हातावर जाऊ देत, आणि दुसरा संपला की पहिला पुढे धरत. बघणाऱ्याला वाटे, हात स्थिर आहेत आणि लांबडंच अखंड वाहतं आहे. “पकड बघा,” ते म्हणत. “धडधाकट असलं तर ते आपल्याला धरते. आजारी असलं की हातावर नुसतं ठेवलेलं असते.” पाठ गोल हवी, घराच्या आढ्यासारखी उभी नको. डोळे निवळ हवेत. कात टाकायच्या आधी दुधाळ झाले असले तर पंधरा दिवसांनी परत यायचं. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची वळी अडकलेली नको. मग तोंड कानाजवळ नेऊन ते श्वास ऐकत. टिकटिक ऐकू आली की खाली ठेवत. शेवटी पांढरा रुमाल अंगावरून फिरवून उजेडात धरत.

जोडप्याला एक भगवं पिल्लू आवडलं होतं. काकांनी ते परत ठेवलं.

“काका, सगळं ओके होतं ना? हाच सगळ्यात क्यूट आहे यार,” नवरा म्हणाला.

“क्यूट आहे. पण त्यानं मला विचारलं नाही.”

“काय विचारलं नाही?”

“नवीन माणूस आला की जीभ काढून बघाव लागते, कोण आलं, काय आलं. याला कशाचंच काही नाही.”

मी हे वॉल्टला सांगितलं. त्या पिल्लाने दोनदा खाल्लेलं ओकून टाकलं होतं, आणि हे तो विकण्याआधी सांगणारच होता, असं तो म्हणाला. नंतर त्याने एक खण उघडून दाखवला. काका म्हणाले, “इलाफे गुट्टाटा.” वॉल्ट म्हणाला, “येस सर.” त्याने दुसरा खण उघडून आपण होऊन नाव सांगितलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. त्याची बरणी त्यांच्या कॉलेजात नव्हती. मग ते हळूच म्हणाले, “नाजा नाजा,” आणि पंजाचा फणा केला. वॉल्टने छातीवर हात ठेवला. पुढचा अर्धा तास ते दोघे म्हातारे त्या नारिंगी उजेडात एकमेकांना अशी नावं सांगत होते.

काकांची शेवटची अट एकच असे. लांबडं विकत घेण्याआधी ते जेवताना पाहायचं. विकणाऱ्याच्या हातून, त्याच्या पद्धतीने. त्या दिवशी जेवणाचा वार नसेल, तर ज्या दिवशी असेल त्या दिवशी परत जायचं. वॉल्टकडे आम्ही परत गेलो. करड्या रंगाच्या, कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं अशा एका पिल्लाने उंदराचं पिल्लू गिळलं, आणि मग काका म्हणाले, “हे न्या.”

दिवाळीपर्यंत चार घरांत त्यांनी निवडलेली चार लांबडी होती. चारही जेवत होती. मंडळात कुणीतरी म्हणालं, मुलासाठी स्थळं बघायला काकांना न्यायला नको, घरात सून यायची नाही. काका हसले. सुषमाने मात्र स्वतःच्या घरी काही आणू दिलं नाही. “एकतीस वर्षं फॉर्मॅलिनचा वास घेऊन घरी यायचात बाबा,” ती म्हणाली. “इथे तरी नको.” त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

एकदा कालव्याकाठच्या रस्त्याने आम्ही परत येत होतो. धुकं इतकं होतं की समोरच्या गाडीचे दोन लाल ठिपके तेवढे दिसत आणि तेही मधूनच जात. त्यांना हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं.

“परीक्षेनं,” ते म्हणाले. “दर मार्चमध्ये प्रॅक्टिकल. चाळीस पोरं, चाळीस बेडूक. बरण्यांसाठी लांबडी. रोगट दिलं तर आतलं सगळं वेडंवाकडं निघे, पोरांचे मार्क जात. म्हणून तळ्यावरून आणलेल्यांत सगळ्यात चांगलं जे, ते मी आधी निवडायचो. निवडलं की क्लोरोफॉर्म.”

लाल ठिपके पुन्हा दिसू लागले.

“इथं निवडलेलं घरी जाते, संपादक. मला अजून त्याची सवय नाही झाली.”

डिसेंबरात नीलिमाचा फोन आला. नीलिमा मूळची पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टर. वेस्ट विंडसरला राहत होती. नवरा दुसऱ्या राज्यात प्रोजेक्टवर, महिन्यातून दोनदा घरी येई. मुलगी रिया अकरा वर्षांची. रियाला बॉल पायथन हवा होता. हा आफ्रिकेकडचा लहान अजगर, घाबरला की गुंडाळी करून डोकं आत घेतो. घर कडक शाकाहारी. नीलिमाने हो म्हणायला दीड वर्ष घेतलं होतं.

काका तिला पहिल्या दिवसापासून ‘मॅडम’ म्हणाले.

“काका, मॅडम काय. मी तुमच्या मुलीएवढी आहे.”

“कॉलेजात सगळ्या मॅडमच होत्या. जीभ तशीच वळली.”

विकणारा एक शाळामास्तर होता. घरामागच्या खोलीत पैदास करत असे. खोली नेटकी, पाण्याच्या वाट्या स्वच्छ. प्रत्येक खणावर अंड्यातून निघाल्याची तारीख आणि जेवणांची नोंद. काकांनी नेहमीप्रमाणे वेळ घेतला. तिसऱ्या खणातल्या पिल्लाने डोकं बाहेर काढलं, जीभ काढून त्यांच्या मनगटाचा वास घेतला आणि दोन बोटांना विळखा घातला. डोळे, पाठ, श्वास, रुमाल, सगळं ठीक होतं.

“हीज नाइस,” रिया कुजबुजली.

मास्तर आत जाऊन वाफाळतं भांडं घेऊन आला. वर झाकण होतं. आज याच्या जेवणाचा दिवस आहे, पाहायचं का, असं त्याने विचारलं.

काकांनी नीलिमाकडे पाहिलं. त्या दिवशी संकष्टी होती, तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ती दाराजवळ उभी होती आणि स्कार्फ नाकाशी धरलेला होता.

“राहू द्या,” काका मला म्हणाले. “मॅडमचा उपास आहे.”

मी मास्तरला सांगितलं, गरज नाही. त्याने खांदे उडवले आणि भांडं परत आत नेलं. परतीच्या वाटेवर रिया मांडीवरच्या कापडी पिशवीशी बोलत होती.

रियाने त्याचं नाव पोटॅटो ठेवलं. काका बटाटा म्हणत. पहिला आठवडा त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं, ते पाळलं गेलं. दुसऱ्या आठवड्यात त्याने उंदीर घेतला नाही. तिसऱ्यातही नाही. उंदीर गोठवलेले येत. त्यांच्यासाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर घेतला होता. शुक्रवारी कामावरून आल्यावर नीलिमा एक बाहेर काढून ठेवी, रिया तो लांब चिमट्याने काचपेटीत धरी. बटाटा डोकं आत घेई. शनिवारी सकाळी उंदीर तसाच.

काका दर रविवारी जाऊ लागले. टपालाच्या काट्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून ते वजन करत, रिया वहीत लिही. एकशे साठ ग्रॅम. एकशे एक्कावन्न. एकशे त्रेचाळीस. वजन झालं की ते पेटीशेजारी जमिनीवर बसत. पेटीला तीन बाजूंनी घोंगडी गुंडाळलेली, आत लाल दिवा. खिडकीबाहेर बर्फ पडत असे. रिया गालिच्यावर पालथी पडून गणितं सोडवी. त्या खोलीत दुपार कधी संपली हे कळत नसे. उजेड आतून लाल आणि बाहेरून निळा होई, पेन्सिलचा आवाज येई, आणि बटाट्याच्या डोक्याचं टोक लपायला ठेवलेल्या कौलाच्या तुकड्याखालून दिसे किंवा दिसत नसे. मी न्यायला जाई तेव्हा काकांच्या हातावर घोंगडीच्या विणीचे ठसे उमटलेले असत.

“उंदीर पाण्यात ठेवता ना, मॅडम?” त्यांनी एकदा विचारलं.

“हो काका. अर्धा तास ठेवते.”

“बरं.”

जानेवारीअखेर ते मला गाडीत म्हणाले, “मास्तरकडं त्यानं माझ्यापुढं खाल्लं असतं तर मी म्हटलं असतं, दोष घराचा आहे. नसतं खाल्लं तर दोष लांबड्याचा. मी बघितलंच नाही. म्हणून आता मला काहीच म्हणता येत नाही.” थोड्या वेळाने म्हणाले, “किंवा माझ्या डोळ्याचा.”

फेब्रुवारीत वजन एकशे अठ्ठावीसवर आलं. पाठीवरचा कणा हाताला लागू लागला. नीलिमाने मास्तरला फोन केला. तो सज्जन होता. माझ्याकडे नीट खात होता, म्हणाला, परत आणा, दुसरा देतो.

“काका, तो दुसरा देतोय,” नीलिमाने त्या रविवारी सांगितलं.

“आय डोन्ट वॉन्ट अनदर वन,” रिया म्हणाली.

“रिया, तो उपाशी मरतोय. आपल्या घरात. मला रोज ऑफिसमध्ये तेच दिसतं.”

“सो वी जस्ट गिव्ह हिम बॅक? लाइक अ शर्ट?”

काका काट्यावरचा डबा पुसत होते. “पुढच्या बुधवारी माझं विमान आहे,” ते म्हणाले. “येत्या रविवारपर्यंत ठेवा. रविवारी नाही खाल्लं तर सोमवारी देऊन टाका. ते बरोबरच होईल. पोरी, तूही मग रडायचं नाही.”

“आय डोन्ट क्राय,” रिया म्हणाली. ती रडत होती.

त्या आठवड्यात शुक्रवारऐवजी रविवारी उंदीर द्यायचा, काकांसमोर, असं ठरलं. आम्ही तीनला पोचलो. समोरच्या पायऱ्यांवर बर्फ साचलं होतं, म्हणून नीलिमाने गॅरेजचं दार वर केलं. काका आत आले, बूट काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

भिंतीशी, बागेच्या नळाखाली, एक प्लास्टिकची बादली होती. बादलीत पाणी, पाण्यात पिशवी, पिशवीत उंदीर. पाण्यावर सायीसारखा बर्फाचा पापुद्रा धरला होता.

“हे इथंच ठेवता?” काकांनी विचारलं.

“हो. पाण्यातच ठेवायचा म्हणालात ना.” नीलिमाचा आवाज बारीक झाला. “किचनमध्ये नाही आणता येत मला, काका. सॉरी. मी तिथे नैवेद्य करते.”

काकांनी पापुद्र्यात बोट घातलं, पिशवी काढली आणि उंदीर तळहातात धरला. मग मूठ मिटली.

“सॉरी म्हणू नका,” ते म्हणाले. “चूक माझी आहे. मास्तर भांडं घेऊन आला होता, त्यातून वाफ येत होती. मी झाकण उघडू दिलं नाही. उघडलं असतं तर तुम्हालाही दिसलं असतं.”

“काय दिसलं असतं?”

“बटाट्याच्या ओठांवर बारीक खाचा असतात. त्यांनी त्याला ऊब दिसते. उंदीर ऊन असला तर ते जेवण. थंड असला की दगड. इतके दिवस आपण त्याच्यापुढे दगड ठेवत होतो.”

नीलिमा खाली बसली, बुटांच्या रॅकवर. “आणि मी रोज त्याला म्हणत होते, खा रे बाबा.”

“पाणी किचनमध्ये तापवा,” काका म्हणाले. “उंदीर इकडंच राहील. पाण्याला काही विटाळ नाही. एक जुना डबा द्या. आणि केस वाळवायचं मशीन असते ना, ते.”

“माझा हेअर ड्रायर?”

“ओला उंदीर त्याला आवडत नाही.”

“काका, तो नवीन आहे.”

“मग बटाट्याचा झाला.”

ती हसली. त्या घरात दोन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. पोळ्यांचा एक जुना डबा आला, कडेला पोचा असलेला. त्यात कढत पाणी ओतलं, वाफ गॅरेजच्या थंडीत सरळ वर गेली. पाण्याचं काम काकांनी केलं. उंदीर वाळवायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

“तुम्ही करा, मॅडम.”

“मी?”

“बुधवारी मी विमानात असेन.”

नीलिमाने पदर खोचल्यासारखा स्वेटर वर ओढला आणि ड्रायर सुरू केला. तोंड वळवलं नाही. मग काकांनी तिची बोटं उंदराच्या पोटाशी नेली. “हाताला ऊब लागते? एवढी पाहिजे. ही लक्षात ठेवा, बाकी विसरा.”

वर खोलीत पडदे ओढलेले होते. लाल दिव्याच्या उजेडात नीलिमा चिमटा धरून गुडघ्यांवर बसली, रिया तिच्या मागे, तिचा स्वेटर मुठीत धरून. काका दारापर्यंत आले आणि तिथूनच मागे वळले. खोलीत जितकी माणसं कमी तितकं बरं, म्हणाले. ते जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसले, खोलीकडे पाठ करून. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो. माझ्या जागेवरून दाराच्या फटीतली लाल पट्टी दिसत होती, आणि समोर काकांचा चेहरा.

बराच वेळ काही झालं नाही. खाली फ्रिजची घरघर सुरू झाली आणि थांबली. मग आतून एक अगदी छोटा आवाज आला, ओलं कापड काचेवर आपटावं तसा, आणि कुणीतरी श्वास आत ओढला.

रिया फटीतून बाहेर आली. “काका,” ती म्हणाली. “ही टुक इट. ही टुक इट. कम सी.”

काकांनी मान वळवली नाही. “आईला सांग, चिमटा सोड आणि बाहेर ये,” ते म्हणाले. “हलू नका, बघू नका. दार लोटून घ्या.”

नीलिमा बाहेर आली, दार लोटलं, आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिचे दोन्ही हात पुढे, कशालाही न लावता, हवेत धरलेले होते.

“किती वेळ लागतो?” तिने विचारलं.

“दहा मिनिटं. इथं पहिल्यांदाच आहे, जास्तही लागतील.”

जिन्यावरचा दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही, आणि खिडकीतला बर्फाचा उजेड हळूहळू पायऱ्यांवरून उतरत गेला. काकांनी डोळे मिटले होते. हात गुडघ्यांवर होते. मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं, कारण त्या संध्याकाळी सुषमा त्यांना न्यायला आली आणि बुधवारी ते गेले. त्या उतरत्या उजेडात त्यांच्या गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. थोड्या वेळाने पुन्हा वर गेली, आणि सावकाश खाली आली.